जगप्रदक्षिणा, परसाकडून

मला खोली भाड्यानं देण्याआधी बाईंनी एकच प्रश्न विचारला. "पोट रोज साफ होतं का?"

त्याआधी माझे लातुरातले बरेच घरमालक करून झाले होते. त्यांचे प्रश्न वेगळे असायचे. कुठले? कोण? म्हणजे कोणापैकी? अंडं खाता का? पाहुणे किती येतात? मी मुखेडकडचा, शेतकऱ्याच्या घरचा, नोकरी सरकारी, पाहुणे भरपूर. तिसऱ्या उत्तरापर्यंत मालक खूश असायचा आणि चौथ्याला खोली आधीच गेलेली असायची. पोटाबद्दल मात्र कोणी विचारलं नव्हतं.

"होतं," मी म्हणालो.

"मग ये राहायला. खोटं असलं तर चार दिवसांत कळतंयच मला."

लातूरचा जिल्हा नुकताच झाला होता. उस्मानाबादहून फायली ट्रकनं आल्या, फायलींच्या मागं आम्ही कारकून आलो आणि आमच्या मागं घरभाडी वाढली. गावाची चालच बदलली. केस कापणाऱ्यानं पाटीवर 'जिल्ह्याचे ठिकाण' असं रंगवून घेतलं. रसवंतीची जिल्हा रसवंती झाली. काल तालुक्याच्या वेगानं चालणारी माणसं आज जिल्ह्याच्या वेगानं, म्हणजे आणखी हळू, चालू लागली. पाऊस तेवढा नव्या दर्जाला शोभेसा पडला नाही. पहिल्या वर्षी कमी पडला, दुसऱ्या वर्षी नावाला पडला आणि त्यानंतर त्याची बहुतेक बदली झाली.

तर बाई. पंचावन्नच्या पुढच्या, काटकुळ्या, पांढरे केस पुरुषासारखे बारीक कापलेले. अंगावर सुती पातळ आणि पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. मूळच्या उमरीकडच्या. वडील रेल्वेच्या रुळावर गँगमन. छप्पन साली घरच्यांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हा त्या हैदराबादेत नर्स होत्या. तिथून एका आंतरराष्ट्रीय संस्थेत लागल्या आणि उभी नोकरी परदेशांत काढली. आफ्रिका झाली, बांगलादेश झाला, दक्षिण अमेरिका झाली. किती देश, असं विचारलं तर म्हणायच्या, "मोजले न्हाईत. मोजणारे विमानतळ बघून परत येतात."

हे ऐकून माणूस भारावायचा. मग विचारायचा, तिथं तुमचं काम काय होतं? बाई सांगायच्या, "संडास बांधायचं." भारावलेला माणूस घड्याळ बघायचा.

त्यांच्या घराला खोल्या तीन होत्या आणि संडासही तीन. ज्या गल्लीत निम्म्या घरांना एकही नव्हता तिथं ही उधळपट्टी लोकांच्या डोळ्यांवर आली होती. बाईंच्या दृष्टीनं ते संडास नव्हतेच, नमुने होते. परसात ओळीनं उभे केलेले, प्रत्येकाला देशाचं नाव. 'टांझानिया' म्हणजे गोल फरशी, मधे भोक, वर लाकडी झाकण; पाणी जवळजवळ लागत नसे. 'झिंबाब्वे'ला काळा उंच पाइप होता, त्याच्या तोंडावर जाळी. आतल्या माश्या उजेडाकडं झेपावतात आणि जाळीत अडकून मरतात, हे बाई अशा आवाजात सांगायच्या की इतर बायका त्या आवाजात नातवाचं कौतुक करतात. 'बांगला'ला पाण्याचं भांडं होतं. दुष्काळात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायला लागलं तेव्हा बाईंनी 'बांगला'ला कुलूप घातलं आणि दारावर खडूनं लिहिलं, 'पाऊस पडेपर्यंत सीमा बंद.'

सकाळी परसातून त्यांचा आवाज यायचा. "टांझानियात कोण हाय?"

"मी आहे, बाई."

"लई वेळ झाला. व्हिसा संपला."

मी सरकारी नोकर, सबंध दिवस साहेबांच्या तब्येतीप्रमाणे वागणारा. पण माझ्या तब्येतीची इतकी बारीक चौकशी ना कुठल्या साहेबानं केली, ना पुढं बायकोनं. चेहरा उतरलेला दिसला की त्या दुःखाचं कारण विचारत नसत. "कालपासून झालं न्हाई ना?" एवढंच. आणि बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर निघायचं. माणूस काय खातो हे जगात सगळे विचारतात, पुढचं कोणी विचारत नाही, ही त्यांची जगाबद्दलची मुख्य तक्रार होती.

त्यांची मराठीही बघण्यासारखी होती. ती उमरीतून ज्या दिवशी निघाली त्या दिवशी जशी होती तशीच पेटीत घालून त्यांनी जगभर फिरवली आणि घडी न मोडता परत आणली. इंग्रजी, फ्रेंच, आफ्रिकेतली एक-दोन, सगळ्या भाषा यायच्या. पण राग आला की उमरीच बाहेर पडायची. "खालीपिली परेशान करून राहिला मला," असं एकदा त्या आमच्या तहसीलदाराला त्याच्या तोंडावर म्हणाल्या. तहसीलदाराला परदेशी पाहुण्या म्हणून पुढची खुर्ची दिल्याचा पश्चात्ताप झाला.

बाई लेखिकाही होत्या. म्हणजे लिहायच्या, छापून यायचं बाकी होतं. रोज सकाळी अंगणात बसून पेन्सिलीनं त्यांचं जगाचं प्रवासवर्णन चालायचं. पुस्तकाला त्यांनी नाव दिलं होतं 'परसाकडं'. पुण्याच्या एका प्रकाशकानं सुरुवातीला फार उत्साह दाखवला. इतके देश पाहिलेली मराठी बाई, तीही मराठवाड्यातली, तीही दलित समाजातली. एका पुस्तकात तीन-तीन गोष्टी मिळत होत्या. मग त्यानं हस्तलिखित वाचलं. तो स्वतः लातूरला आला, चहा घेतला आणि अवघडून म्हणाला, "बाई, पॅरिसच्या प्रकरणात तो मनोराच नाही हो. वाचकाला मनोरा हवा असतो."

"मनोऱ्यावर चढलेला माणूस खाली उतरल्यावर काय शोधतो, ते लिहिलं हाय की."

"तेच म्हणतोय मी. ते सतरा पानं आहे."

"शोधायला तेवढा वेळ लागतो तिथं."

प्रकाशकानं नावही बदलायला सुचवलं, 'सातासमुद्रापलीकडे' किंवा तसलं काही. बाईंनी त्याला चहाचा दुसरा कप दिला, मग पाणी दिलं, मग पुण्याची गाडी किती वाजता आहे ते सांगितलं. निघताना बिचाऱ्यानं खालच्या आवाजात मला विचारलं, जरा जाऊन यायचं होतं. मी त्याला 'झिंबाब्वे'त पाठवलं. परत आल्यावर तो म्हणाला, जागा उत्तम आहे. पुस्तकाबद्दलचं मत त्यानं बदललं नाही.

गावानं त्यांना एकदा व्याख्यानालाही बोलावलं. वाचनालयाची व्याख्यानमाला होती आणि जिल्हा झाल्यामुळे वक्ता निदान परदेशातला हवा होता. विषय ठेवला 'माझी जगप्रदक्षिणा'. अध्यक्ष एक वकील. समोर प्राध्यापक, त्यांच्या बायका, गजरे, अत्तर. बाई पातळाखाली बूट घालूनच गेल्या. सुरुवात बोलिव्हियातल्या डोंगरातल्या एका शाळेपासून केली. तिथं मुली वयात आल्या की शाळा का सोडतात, ते सांगितलं. अध्यक्षांनी पहिली चिठ्ठी पाठवली. बाईंनी ती चष्मा लावून वाचली आणि पुढं बोलू लागल्या. दुसरी चिठ्ठी आली तेव्हा त्या कॉलऱ्यावर होत्या. तिसरीच्या वेळी हॉलमध्ये गजरेवाल्या बायका सोडून फारसं कोणी उरलं नव्हतं. त्या मात्र पुढं सरकून बसल्या होत्या.

वातावरण सुधारावं म्हणून मराठीच्या एका प्राध्यापकांनी प्रश्न विचारला. "बाई, जगातला सगळ्यात सुंदर सूर्यास्त आपण कुठे पाहिला?"

बाईंनी मनापासून विचार केला. "न्हाई पाहिला," त्या म्हणाल्या. "सूर्य बुडायला लागला की जगभरच्या बाया हातात डबा घेऊन गावाबाहेर निघतात. मी त्यांच्यासंगं असायची. अंधार कुठं लवकर पडतो ते बघायचं असतं, त्यामुळं सूर्याकडं पाठ असायची."

आभार मानणाऱ्या गृहस्थांनी वक्त्यांच्या प्रवासाचे आभार मानले. व्याख्यानाचे मानले नाहीत.

पुढचं सगळं माझ्या मायमुळं घडलं. ती मुखेडहून एसटीनं आली तेव्हा तिला लघवीची आग होत होती, कंबर दुखत होती, मधूनच ताप भरायचा. येताना भाकरी आणि स्वतःचा पाण्याचा तांब्या घेऊन आली. दारातल्या कोनाड्यात बुद्धाची मूर्ती दिसली आणि ती उंबऱ्यातच थांबली.

"घरवाली कोणाची हाय रे?"

"जगभर फिरलेली आहे माय. लई शिकलेली."

"मी जात इचारली. शाळा न्हाई इचारली."

बाई आतून हे ऐकत होत्या. बाहेर येऊन त्यांनी मायला आपादमस्तक पाहिलं आणि त्यांचा ठरलेला प्रश्न थोडा बदलून विचारला. "दिवसातून पाणी किती पिता, माय?"

माय चमकली. असला प्रश्न तिला आजवर ना नवऱ्यानं विचारला होता, ना डॉक्टरनं. ती म्हणाली, "पेत न्हाई. दिस असताना न्हाई पेत."

"का?"

माय माझ्याकडं बघून पदर सावरायला लागली. बाईंनी मला दुकानातून साबण आणायला पाठवलं, जो घरात होता. मी परत आलो तेव्हा दोघी परसात ओट्यावर बसल्या होत्या. माय बाईंच्या हातचं पाणी पीत होती. तो प्रकार बघून मी साबण घेऊन तसाच दारात उभा राहिलो.

मायनं त्यांना जे सांगितलं ते मला रात्री जेवताना बाईंकडून कळलं. माझ्याच गावची, माझ्याच आईची गोष्ट मला उमरीच्या बाईंनी सांगितली. शेतं उघडी पडली होती. जवारी उगवलीच नव्हती, तुरी करपल्या होत्या, बांधावरची झुडपं चुलीत गेली होती. लांबवर माणूस दिसायचा. अशात बाईमाणसानं जायचं कुठं? मग दिवस उगवायच्या आधी एकदा आणि दिवस बुडाल्यावर एकदा. मधल्या वेळात जायची पाळी येऊ नये म्हणून गावातल्या बाया पाणी पीत नव्हत्या आणि पोटभर जेवत नव्हत्या. माझ्या टेबलावर रोज टँकरच्या फायली यायच्या. टंचाई म्हणजे पाण्याची टंचाई, एवढंच आम्हाला माहीत.

"दुष्काळात पाणी जातं ते समद्यांना दिसतं," बाई म्हणाल्या. "आडोसा जातो तो फक्त बायांना दिसतो." मग त्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "तुमच्या त्या रोजगार हमीच्या कामावर बाया किती?"

मी म्हणालो, शेकड्यांनी आहेत.

"उद्या मला ने."

काम पाझर तलावाचं होतं, गावापासून लांब माळावर. बायका पाट्या वाहत होत्या, खडी फोडत होत्या. सरकारी नियमाप्रमाणे तिथं सगळं होतं. प्यायच्या पाण्याचा टँकर होता, पोरांसाठी पाळणाघर म्हणून चार बांबूंवर एक ताडपत्री होती, औषधाची पेटी होती. पेटीत आयोडीन आणि एक कात्री. बाई थेट खडी फोडणाऱ्या बायांमध्ये जाऊन बसल्या आणि मला लांब जायला सांगितलं. आधी हसण्याचा आवाज आला, मग हसणं थांबलं. कौसाबाई नावाची एक चाळिशीची बाई त्यांच्यात पुढारी होती. तिचं बोलणं लांबपर्यंत ऐकू येत होतं. "दिस मावळूस्तोर तोंडाला कुलूप आन् खाली बी कुलूप. परवा ती गंगू उन्हात पडली. साहेब म्हणले, टँकर तर भरलेला हाय, पाणी का पेत न्हाईत तुम्ही? आता साहेबाला काय सांगावं?"

बाई उठल्या आणि साहेबाला सांगायला गेल्या. साहेब म्हणजे उपअभियंता, तंबूत फायलीनं वारा घेत बसलेला. त्यानं सगळं सभ्यपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, योजनेत याची तरतूद नाही."

"तरतूद पोटात असते, साहेब. योजनेत नसली तरी येते."

साहेब हसला. काम आपल्याच लोकांनी, आपल्याच हिमतीवर केलं तर त्याची हरकत नव्हती. ज्यात पैसा नाही आणि मोजमाप नाही अशा कामाला हरकत घेण्यात त्याला रस नव्हता. बाईंनी वाऱ्याची दिशा बघितली, उतार बघितला, टँकरपासून लांब जागा ठरवली. खड्डे कुठं, किती खोल, माती कशी बाजूला ठेवायची आणि वापरल्यावर मूठभर कशी टाकायची, सगळं मुकादमाला समजावलं. मुकादमानं मान डोलावली आणि काही न विचारता बौद्ध वस्तीतून आलेल्या टोळीकडं बोट केलं. "ए, चला. कुदळी घ्या."

त्या टोळीतला एक म्हातारा पुढं आला. तो मुकादमाशी बोललाच नाही. बाईंपुढं उभा राहिला. "बाई, तू आमची हायस. शिकलीस, मुलूख फिरलीस, आम्हाला अभिमान हाय. मेलेली ढोरं ओढायचं आम्ही सोडलं त्या वक्ताला लई मार खाल्लाय. आता तुझ्या हातानं आम्हाला परत घाणीत घालू नको."

जगभरच्या मंत्र्यांना, कस्टमवाल्यांना आणि आमच्या तहसीलदाराला तोंडावर उत्तर देणारी बाई त्या म्हाताऱ्यापुढं मान खाली घालून उभी राहिली. त्या म्हणाल्या, "बरोबर हाय बाबा तुमचं. तुम्ही नका हात लावू." आणि मग माझ्याकडं वळून हळूच, "परमुलखात सोपं असतं रे. तिथं मी नुसती परदेशी असायची."

मग त्यांनी पातळ खोचलं आणि कुदळ उचलली. दुसरी माझ्या हातात दिली.

सरकारी सेवेत माझी निवड लेखी परीक्षेतून झाली होती. तीत मराठी होतं, गणित होतं, खड्डा नव्हता. शिवाय मुकादम माझ्या आत्याच्या सासरकडचा निघाला. त्यानं मला ओळखलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "पाव्हणं, हे काय करून राहिलात? पाटलाच्या घरचं पोरगं संडास खांदून राहिलं म्हणल्यावर आमी तोंड कुठं दाखवावं?"

"तुम्ही बी खांदा," बाई खड्ड्यातून म्हणाल्या. "खाली बघून खांदायचं असतंय. तोंड दाखवायची गरजच पडत न्हाई."

त्यानं हात लावला नाही. पण दुपारी कौसाबाईचा नवरा आपली कुदळ घेऊन आला. त्याला तत्त्व वगैरे काही पटलं नव्हतं. कौसाबाईनं त्याला सांगितलं होतं की खड्डा होईस्तोवर भाकरी मिळणार नाही. त्याच्या मागून आणखी दोघं आले, त्याच कारणानं. मग बाईंनी नियम केला, ज्या टोळीतल्या बाया वापरणार त्या टोळीच्या पुरुषांनी आपापला खड्डा खणायचा, कोणी कोणाचा खणायचा नाही. हे ऐकल्यावर तो म्हातारा उठला, लांबच्या टोकाला गेला आणि आपल्या सुनांसाठी स्वतः खणू लागला. त्याचा खड्डा सगळ्यांत सरळ झाला होता.

आता आडोसा. कडबा नव्हता, असता तर ढोरांनी खाल्ला असता. सरकारी गोणपाट मागितलं, तर साहेब म्हणाला ती हिशेबातली वस्तू आहे. दुसऱ्या दिवशी बाया घरून जुनी लुगडी घेऊन आल्या. हिरवी, जांभळी, विटकी लाल, ठिगळं लावलेली. चारी बाजूंनी बांबू रोवून त्यांनी लुगड्यांची भिंत उभी केली. उघड्या माळावर ती कोसभरावरून दिसायची.

आठवड्याभरानं माझ्याच टेबलावर वरून विचारणा आली. सदर कामावर पिण्याच्या पाण्याचा वापर अचानक दुप्पट झाला असून त्याची कारणे तात्काळ कळवावीत. पाणी मुरतं कुठं, असा त्यांचा सरकारी संशय होता. मी बाईंना विचारलं, काय लिहू. त्या म्हणाल्या, "लिही, बाया पाणी प्यायला लागल्या." मी तेच शुद्ध भाषेत लिहिलं. माझ्या कार्यालयातल्या साहेबांनी ते खोडून 'उष्णतेचे वाढते प्रमाण' असं लिहिलं आणि विचारणा मिटली.

माझ्या वडिलांना माझा पराक्रम मुखेडच्या आठवडी बाजारात, भर गर्दीत कळला. मी गावी गेलो तर ते म्हणाले, "शिकून हेच केलंस का?" माय आतून म्हणाली, "आपल्या मागं बी एक खांद म्हणावं त्याला." वडील त्यानंतर दोन दिवस शेतावरच झोपले. जाताना मी घरामागं एक खणून आलो.

मग मंत्री यायचं ठरलं. दुष्काळाची पाहणी. उपअभियंता साहेब घामाघूम होऊन बाईंकडं आला. "मॅडम, ते तेवढं काढायला सांगा. रस्त्यावरून बरं दिसत नाही."

"आत बसलेली बाई दिसते का?"

"नाही."

"मग जे दिसू नये ते दिसत न्हाई. अजून काय पाहिजे?"

साहेबानं मुकादमाला फर्मान सोडलं, कापड उतरवा. मुकादम चार माणसं घेऊन गेला. कौसाबाई पाटी बाजूला ठेवून उभी राहिली. आवाज चढवला नाही. "ते हिरवं लुगडं माझं हाय," ती म्हणाली. "लाल गंगूचं हाय. ज्याला आमच्या लुगड्याला हात घालायचा आसंल त्यानं म्होरं यावं."

कोणी पुढं आलं नाही. बाईमाणसाच्या लुगड्याला हात घालणारा, असं नाव पंचक्रोशीत व्हावं यासाठी कोणीच नोकरी पत्करली नव्हती. भिंत उभी राहिली.

मंत्री दुपारी आले. सकाळपासून वाटेतल्या प्रत्येक गावानं दुष्काळाची तीव्रता त्यांना चहा, ताक आणि नारळपाणी देऊन समजावली होती. गाडीतून उतरले तेव्हाच त्यांची मुद्रा गंभीर होती आणि आम्हाला वाटलं, जनतेचे हाल पाहून झाली. त्यांच्या सहायकानं आमच्या साहेबाच्या कानाला तोंड लावलं. साहेबानं पूर्वेला पाहिलं. पश्चिमेला पाहिलं. नजर पोचेल तिथवर साधं बाभळीचं झाड नव्हतं, आणि चारी बाजूंनी स्वागताला आलेली प्रजा उभी होती. मग त्यानं बाईंकडं पाहिलं.

बाई मंत्र्यांना घेऊन लुगड्यांकडं निघाल्या. मागं आम्ही सगळे, योग्य अंतरावर. आडोशाशी पोचल्यावर आतून कौसाबाईचा आवाज आला. "थांबा. आत माणूस हाय."

"अहो बाई, साहेब आलेत," सहायक म्हणाला.

"मग थांबवा साहेबाला. मला बी आताच मिळालंय."

मंत्री थांबले. भर उन्हात, एका पायावरून दुसऱ्या पायावर. विधानसभेत त्यांनी काय काय सोसलं असेल ते असो, पण त्या पाचेक मिनिटांत त्यांना सगळा विषय मुळापासून कळलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. बाईंनी त्यांच्या डोक्यावर आपली छत्री धरली. "ऊन हाय," त्या म्हणाल्या. "इथं थांबणाऱ्यासाठी सावलीची तरतूद न्हाई."

बाहेर आल्यावर मंत्र्यांच्या चेहऱ्यावर शपथविधीच्या दिवशी असावं तसं समाधान होतं. "फार उपयुक्त आहे हे," ते म्हणाले. "ही कल्पना कोणाची?"

"कार्यालयाची, सर," साहेब म्हणाला.

मी बाईंकडं पाहिलं. त्या छत्री मिटत होत्या. महिन्याभरात सगळ्या कामांवर असे आडोसे उभारण्याचा आदेश निघाला, माननीय मंत्रिमहोदयांच्या प्रेरणेनं. गोणपाटही मिळालं. साहेबाची बढतीवर बदली झाली. मी चिडून बाईंना म्हणालो, तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत? त्या पेन्सिलीला टोक करत होत्या. "कल्पनेवरून भांडणारे लई बघितले मी. सोड. त्या आडोशात बसणारी बाई कल्पना कोणाची ते इचारत बसत न्हाई."

पुढं पाऊस झाला. काम बंद पडलं, तलाव भरला, बाया आपापली लुगडी घेऊन घरी गेल्या. त्या हिवाळ्यात बाईंनी मला कौसाबाईच्या गावाला नेलं. आता पक्के संडास बांधायचे, असं त्यांच्या मनात होतं. 'टांझानिया'ची फरशी कशी ओतायची याची सगळी तयारी करून निघाल्या होत्या. कौसाबाईनं मायेनं बसवलं, हुरडा दिला. मग शेताकडं हात करून म्हणाली, "आता कशाला बाई? जवारी डोक्याइतकी उभी हाय."

"आन् कापल्यावर?"

"मग बघू की."

परतताना एसटीत बाई बराच वेळ खिडकीबाहेर उभ्या जवारीकडं बघत होत्या. मला वाटलं खचल्या. म्हणून म्हणालो, एवढं करून शेवटी हेच. त्या म्हणाल्या, "प्रत्येक मुलखात हेच ऐकलंय. पीक कापलं की पुन्हा यायचं. आपल्याला कुठं दुसरं काम हाय?"

पण पीक कापायच्या आत त्यांना संस्थेचं बोलावणं आलं. कुठल्याशा बेटावर वादळ होऊन गेलं होतं, अनुभवी माणूस हवं होतं. त्या वयात बूट घालून त्या निघाल्या. तिथंच दोन वर्षांनी तापानं गेल्या. इथल्या वर्तमानपत्रानं 'लातूरच्या आंतरराष्ट्रीय विचारवंत' अशी बातमी दिली. कशाबद्दल विचार करायच्या ते जागेअभावी दिलं नाही. पुस्तक त्यांनी बेटावर जाण्याआधी नांदेडच्या एका छापखान्यात स्वखर्चानं छापून घेतलं होतं. वाचनालयानं एक प्रत घेतली. नाव बघून ग्रंथपालानं ती बागकामाच्या कपाटात लावली.

घर भाच्यानं विकलं. तिन्ही देश एका दिवसात जमीनदोस्त झाले आणि त्या जागी तीन मजल्यांचं, काचेचं संकुल उभं राहिलं. मी निवृत्त झालोय, त्या रस्त्यानं फारसा जात नाही. मागच्या महिन्यात नातवाला सदरा घ्यायला तिथल्या एका दुकानात गेलो. काउंटरवर विशीतली एक पोरगी उभी होती. ओठ सुकलेले, हसू मात्र दुकानाचं. मी विचारलं, "बाळ, दिवसातून पाणी किती पितेस?"

तिनं आधी इकडंतिकडं पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "न्हाई पीत काका. इथं सोय न्हाई. मालकांच्या केबिनमागं एक हाय, पण कुलूप असतं."

मी मालकाकडं गेलो. माझ्या पांढऱ्या केसांकडं बघून तो अदबीनं उठला. मी म्हणालो, जरा अडचण आहे, किल्ली द्या. त्यानं एका शब्दानं न विचारता खिशातून काढून दिली. म्हाताऱ्या माणसाची अडचण तेवढी सगळ्यांना लगेच कळते.

मी ती नेऊन पोरीच्या हातात ठेवली. ती क्षणभर थबकली आणि गेली. ती परत आली तेव्हा काचेपलीकडच्या दुकानातली दुसरी पोरगी हात पुढं करून उभीच होती. तिच्या मागं तिसरी. मालक माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काका, झालं का? किल्ली?"

"रांगेत हाय," मी म्हणालो, आणि नातवाच्या मापाचा सदरा दाखवायला सांगितलं.